नऊ दिवस, शाकाहारी आई-बाबा आणि आख्ख्या तैवानची यादी: जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नोव्हेंबरच्या मध्यात तुम्ही दोघं आणि साठीच्या पुढचे आई-बाबा असे चौघं नऊ दिवस तैवानला चाललाय, यादीत तैपेई, ज्युफेन, शिफेन, येल्यू, तारोको, सन मून लेक, अलिशान, तैनान, काओश्युंग आणि केंटिंग एवढं सगळं आहे, तुम्हा दोघांना सगळं खायचंय पण आई-बाबा शाकाहारी, त्यात बाबांना अंडंही चालत नाही. तर हे सगळं बसेल का, आणि थेपले किती न्यायचे.

मी आधी कामानिमित्त शिंचूला राहायचे आणि आता पुण्यातून छोट्या फॅमिली ग्रुपच्या तैवान ट्रिपा आखून देते, त्यामुळे ही यादी माझ्या चांगलीच ओळखीची आहे, पहिली यादी बहुतेकांची अशीच असते. बेट नकाशावर एवढुसं दिसतं आणि हायस्पीड रेल्वे तैपेईहून काओश्युंगच्या त्सोयिंग स्टेशनला दीड-दोन तासांत नेऊन सोडते, मग वाटतं सगळंच हाताशी आहे. पण ही रेल्वे फक्त पश्चिम किनाऱ्यावर धावते, पूर्वेकडे साधी रेल्वे, डोंगरात बस, आणि खरा वेळ जातो तो हॉटेल सोडणं, बॅगा ओढणं, पुढच्या हॉटेलात तीन वाजेपर्यंत रूम तयार होण्याची वाट बघणं यात. चार माणसं असली की तो दुप्पट जातो हे तुम्हाला मी सांगायला नको.

शिवाय तैवानचा दिवस संध्याकाळी पाच-साडेपाचला खरा सुरू होतो. नाइट मार्केट तेव्हा लागतात, देवळांत दिवे लागतात, रस्त्यावर खुर्च्या येतात, लोक कामावरून सुटून खायला बाहेर पडतात. तुम्ही खाण्यासाठी जाताय असं स्वतःच लिहिलंय, मग तुमच्या संध्याकाळी ट्रेनमध्ये किंवा चेक-इनच्या रांगेत जाता कामा नयेत. मी प्लॅन करताना आधी प्रत्येक दिवसाची संध्याकाळ लिहून काढते, कुठल्या वारी कुठल्या गावात जेवायचं ते, आणि मग दिवसा बघायच्या गोष्टी त्याच्या आजूबाजूला बसवते. उलटं केलं की पॉइंट सगळे होतात आणि जेवण रोज सेव्हन-इलेव्हनमध्ये होतं.

आता नोव्हेंबर. महिना तुम्ही छान निवडलाय, वादळांचा मुख्य हंगाम संपत आलेला असतो आणि उकाडाही गेलेला. पण या दिवसांत ईशान्येकडून वारे सुरू होतात आणि बेटाच्या उत्तर टोकाला, म्हणजे ज्युफेन, कीलुंग, येल्यू या भागात, भुरभुर पाऊस आणि ढग ठाण मांडून बसतात, तर दक्षिणेत तैनान-काओश्युंगला त्याच दिवशी स्वच्छ ऊन असतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या ट्रिपेत मी दक्षिणेला जास्त रात्री देते. हाच प्रश्न एप्रिलसाठी विचारला असतात तर उत्तर वेगळं आलं असतं.

तारोको यावेळी सोडा. 3 एप्रिल 2024 ला हुआलिएनजवळ 7.2 चा भूकंप झाला, त्यात घळीतले रस्ते आणि पायवाटा प्रचंड खचल्या, नंतरही दरडी येत राहिल्या. काही भाग टप्प्याटप्प्याने उघडतायत, पण जुन्या व्हिडिओंत दिसणारा तारोको आई-बाबांना घेऊन बघायला मिळेल या भरवशावर दोन दिवस घालवू नका. केंटिंगही सोडा, तो समुद्रकिनारा आहे, आपल्याकडे समुद्र भरपूर आहे. शिफेनला आकाशकंदील सोडतात, फोटो छान येतात, पण कागद आणि सांगाडे खाली डोंगरात पडतात, मला ते पटत नाही म्हणून मी ते कधी सुचवत नाही.

राहिले दोन डोंगर, अलिशान आणि सन मून लेक. दोन्ही नको, एकच. सन मून लेक सोपा आहे, तायचुंगहून बस, तळ्यात बोट, वर रोपवे, चालणं कमी. चहाची आवड असेल तर तिथला काळा चहा जरूर घ्या, जपानी राजवटीत 1920च्या दशकात आसामचं बियाणं आणून तिथे लावलं होतं, त्याच परंपरेतला रुबी नावाचा चहा आता तिथली ओळख आहे, दूध न घालता प्या. अलिशान मात्र वेगळंच प्रकरण आहे. चिआयीहून दोन-अडीच तासांची वळणावळणाची बस, वर साधारण 2200 मीटर उंची, जुन्या प्रचंड सायप्रस झाडांचं जंगल, आणि त्या झाडांच्या लाकडासाठी जपान्यांनी 1912 मध्ये सुरू केलेली छोटी रेल्वे. 2009 च्या मोराकोट वादळात ती लाइन मोडली आणि चिआयी ते अलिशान पूर्ण मार्ग 2024 मध्ये पुन्हा सुरू झाला. त्या पूर्ण मार्गाची तिकिटं बुकिंग उघडताच संपतात आणि प्रवासही चार-पाच तासांचा आहे, म्हणून मी लोकांना वर बसनेच पाठवते आणि वरच्या जंगलातल्या छोट्या फेऱ्या त्या गाडीने करायला सांगते. पहाटे चुशानला सूर्योदयासाठी गाडी सुटते, वेळ रोज बदलते, आदल्या दिवशी जाहीर होते, नोव्हेंबरमध्ये पाचच्या आसपास धरा. सूर्य दिसेलच असं नाही, ढगांचा समुद्र मात्र बऱ्याचदा दिसतो, आणि थंडी पाच-सात डिग्रीपर्यंत उतरू शकते तेव्हा जाड जॅकेट आणि कानटोपी हवीच. कोणाला बस लागत असेल, किंवा गुडघे पायऱ्यांना नाही म्हणत असतील तर सन मून लेक, नाहीतर माझं मत डोळे झाकून अलिशान. दोन्हींच्या मधे थेट बसही आहे, पण दिवसाला अगदी मोजक्या, त्या भानगडीत या ट्रिपला पडू नका.

म्हणजे नऊ दिवसांचं असं बसवा: तैपेई तीन रात्री, अलिशान एक, तैनान तीन, शेवटची परत तैपेई. काओश्युंग तैनानहून एका दिवसात होतं, लोकल ट्रेनने तासाच्या आत. पहिलं आणि शेवटचं तैपेईचं हॉटेल एकच घ्या आणि मोठ्या बॅगा तिथेच ठेवून जा, चार रात्रींचे कपडे पाठीवरच्या सॅकमध्ये. बुक करतानाच विचारून घ्या, बहुतेक हॉटेलं ठेवतात. अलिशानच्या बसमध्ये चार मोठ्या सुटकेस चढवणारी फॅमिली बघितलीत की हा मुद्दा लगेच पटेल.

तैपेईत हॉटेल चुंगशान किंवा श्वांगलिएन एमआरटी, म्हणजे मेट्रो, स्टेशनच्या आसपास बघा. निंगशिया नाइट मार्केट तिथून चालत आहे आणि स्टेशनं आटोपशीर आहेत, तैपेई मेन स्टेशनच्या खाली जे भुयारी शहर आहे त्यात रोज संध्याकाळी आई-बाबांना फिरवायची काही गरज नाही. आणि रूम बुक करताना खिडकी आहे का ते नक्की बघा, स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीच्या रूम सर्रास असतात आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आता मुख्य विषय, आई-बाबांचं खाणं. इथे लोक उगाच घाबरतात, कारण बाकीच्या पूर्व आशियाचा अनुभव धरून चालतात. तैवानमध्ये बौद्ध आणि इतर पंथांमुळे शाकाहाराची पक्की व्यवस्था आहे, गल्लोगल्ली शाकाहारी खानावळी आहेत, चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तर एरवी मांस खाणारेही तिथे जाऊन बसतात. या खानावळींच्या पाटीवर बऱ्याचदा उलट्या दिशेचा स्वस्तिक असतो, तो दिसला की बिनधास्त आत शिरा. बुफेसारखं मांडलेलं असतं, तीस-चाळीस पदार्थ, ताटात घ्या, वजन करा किंवा काउंटरवरची बाई बघून किंमत सांगते, माणशी शंभर-दीडशे तैवानी डॉलरमध्ये पोट भरतं. तैवानी डॉलर म्हणजे आपले तीन रुपयांच्या आतबाहेर धरा.

पॅकबंद वस्तूंवर कायद्यानेच शाकाहाराचा प्रकार छापलेला असतो: पूर्ण शाकाहारी, अंड्याचा, दुधाचा, दूध-अंड्याचा, आणि कांदा-लसूण वर्गातल्या पाच गोष्टी असलेला. म्हणजे पहिल्या प्रकारात कांदा-लसूणही नसतो. जैन मंडळींना मी हेच सांगते, फक्त बटाटा, मुळा, मशरूम त्यात चालतं, ते तुमचं तुम्ही बघायचं. मोबाइलच्या ट्रान्सलेट अॅपने कॅमेरा धरून हे सहज वाचता येतं. तोंडी सांगायचं तर "वो छी सू", मी शाकाहारी आहे, एवढ्यावर बहुतेकांना कळतं. बाबांच्या अंड्याचं मात्र मोबाइलमध्ये चिनीत लिहून ठेवा आणि दाखवा, कारण तिथल्या अनेक शाकाहारी खानावळींतही अंडं असतं.

घोळ होतो तो साध्या, म्हणजे शाकाहारी नसलेल्या दुकानात "भाजीच द्या" म्हटल्यावर. उकडलेल्या हिरव्या भाजीवर मांसाचा सॉस ओततात, नूडल्सचा रस्सा हाडांचा असतो, पराठ्यासारखी कांदापातीची पोळी कधी डुकराच्या चरबीत भाजलेली असते, आणि नाश्त्याला मिळणाऱ्या खारट सोया दुधात सुकी बारीक कोळंबी असते. गोड, गरम सोया दूध घ्या, ते उत्तम, सोबत तळलेली लांब कांडी मिळते, बाबांना आवडेल. स्टिंकी टोफू नावाला टोफू आहे पण ज्या पाण्यात तो आंबवतात त्यात कोळंबी वगैरे असू शकते, तेव्हा आई-बाबांसाठी फक्त शाकाहारी दुकानातला. आणि नाइट मार्केटमध्ये काडीवर काळी चौकोनी वडी, वरून शेंगदाण्याचं कूट आणि कोथिंबीर भुरभुरलेली दिसेल, मराठी माणूस तिकडे आपोआप ओढला जातो, ते तांदूळ आणि डुकराचं रक्त आहे. सांगून ठेवलं बरं.

मग आई-बाबांचं नाइट मार्केट कसं करायचं, तर जेवण आणि मार्केट वेगळं करायचं. शाकाहारी खानावळी लवकर बंद होतात, सात-साडेसातला भांडी रिकामी व्हायला लागतात, म्हणून साडेपाच-सहाला त्यांचं नीट जेवण उरकून घ्या, तुम्ही दोघं तिथे अगदी थोडं खा, आणि मग चौघं मार्केटला जा. तिथे त्यांच्यासाठी रताळ्याचे तळलेले पोकळ गोळे, भाजलेलं रताळं, पेरू आणि जांब कापून, आयू नावाच्या अंजिराच्या जातीतल्या बियांची लिंबू घातलेली थंडगार जेली, आणि डोउहुआ म्हणजे अगदी मऊ सोयाचं दही-खरवसाच्या मधलं काहीतरी, आल्याच्या गोड पाकात, वर शेंगदाणे. आइस्क्रीमचा एक रोल मिळतो, पातळ पापुद्र्यात शेंगदाण्याच्या चिक्कीचा कीस, आइस्क्रीम आणि कोथिंबीर, ऐकायला विचित्र आहे, पण आई दुसरा मागतील. चाकासारखे गोल गोड केक मात्र बाबांना नको, पिठात अंडं असतं. आणि आंबा विचारू नका, त्याचा मोसम उन्हाळ्यात, नोव्हेंबरमध्ये बर्फाच्या किसावर घालतात तो बहुतेक फ्रोझन.

तुमच्या दोघांसाठी यादी मोठी करत नाही, कारण तुम्ही खाताखाता शोधालच. तैपेईत रावहे मार्केटच्या देवळाकडच्या टोकाला मिरीचे भाजलेले बन, मातीच्या भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजतात, रांग लांब दिसते पण पटपट सरकते. आत पोर्क असतं. भातावर शिजवलेलं पोर्क, लू रोउ फान, कुठेही खा, साध्या कळकट दुकानात जास्त चांगला. बीफ नूडल सूप तिथली शान आहे, पण तुम्ही बीफ खात नसाल तर अवघडून जायचं कारण नाही, तिथले शेतकरी घरांतले जुने लोकही शेतात राबलेल्या बैलाचं मांस नको म्हणून खात नाहीत, दुकानदाराला त्यात काही नवल वाटत नाही. बबल टीचा शोध आमचाच म्हणणारी दोन दुकानं आहेत, एक तायचुंगचं आणि एक तैनानचं, कोणाचं खरं त्यात पडू नका, फक्त साखर तीस टक्के सांगा, पूर्ण साखर आपल्या अमृततुल्यलाही हरवते.

तैनानला तीन रात्री का, असं तुम्ही विचाराल, कारण बहुतेक टूरवाले तिथे अर्धा दिवस देतात. हे बेटावरचं सगळ्यात जुनं शहर. 1624 मध्ये डचांनी आनपिंगला किल्ला बांधायला घेतला, म्हणजे तीच डच ईस्ट इंडिया कंपनी जिची वखार वेंगुर्ल्यालाही होती, आणि 1662 मध्ये कोशिंगा या चिनी सेनापतीने त्यांना तिथून हाकललं. किल्ल्याच्या विटांच्या भिंती, 1665 चं कन्फ्यूशियसचं देऊळ, जुन्या गल्ल्या, आणि देवळं किती ते मोजू नका. देवळात लाल लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकून लोक देवाला प्रश्न विचारताना दिसतील, कोकणातली माणसं ते बघून थबकतात, हा सरळ कौल लावणंच आहे. उजव्या दाराने आत, डाव्याने बाहेर, उंबऱ्यावर पाय नाही, एवढं पाळलं की कोणी काही म्हणत नाही.

खाण्याच्या दृष्टीने तैनान दिवसभर चालतं, पण प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली. पहाटेपासून बीफ सूप, ते बरेचदा दुपारच्या आत संपतं, दुपारी दानत्साय नूडल्सची छोटी वाटी, मिल्कफिश नावाच्या माशाची पेज सकाळीच. गार्डन नाइट मार्केट फक्त गुरुवार, शनिवार, रविवार भरतं, तेव्हा तैनानच्या रात्रींत यातला एक वार येईल असं बघा. तिकडे मेट्रो नाही, फुटपाथवर स्कूटर उभ्या, म्हणून आई-बाबांसाठी टॅक्सी किंवा उबर धरा, चौघांत परवडतं. हायस्पीडचं तैनान स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून शालुन लाइनची लोकल वीस-पंचवीस मिनिटांत शहरात सोडते. चिआयीचंही तसंच, हायस्पीडचं स्टेशन वेगळं आणि शहरातलं रेल्वे स्टेशन वेगळं, अलिशानहून उतरताना शहरातल्या स्टेशनची बस घ्या, म्हणजे तिथून साध्या एक्सप्रेसने थेट तैनान शहरात.

काओश्युंगच्या दिवशी मी आई-बाबांना फो कुआंग शान या बौद्ध मठात पाठवते, प्रचंड मोठी बुद्धमूर्ती, 2011 मध्ये उघडलेलं संग्रहालय, त्सोयिंग स्टेशनवरून बस, आणि आतलं सगळं जेवण शाकाहारी. तुम्ही दोघं तोपर्यंत पिअर-टूची जुनी गोदामं आणि फेरीने चीजिन बेट करा.

तैपेईच्या तीन दिवसांत फार काही सांगत नाही. नॅशनल पॅलेस म्युझियम सोमवारी बंद असतं. तैपेई 101 या उंच इमारतीवर आई-बाबांना लिफ्टने न्या, आतला 660 टनांचा गोळा, जो वादळात इमारतीचं डोलणं कमी करतो, तो बघण्यासारखा आहे, तुम्ही दोघं त्याऐवजी एलिफंट माउंटनच्या पायऱ्या चढा, तिथून 101 सकट शहर फुकट दिसतं. ज्युफेन पायऱ्यापायऱ्यांचं आहे आणि पावसात घसरतं, हवा बघून आदल्या दिवशी ठरवा, शनिवार-रविवार टाळून. पाऊस असेल तर त्याऐवजी बेइतोउचे गरम पाण्याचे झरे, एमआरटीने जाता येतं, पावसात उलट जास्त मजा. येल्यू नोव्हेंबरच्या वाऱ्यात मी वगळते.

थेपल्यांचं उत्तर: पहिल्या दिवसापुरते आणि अलिशानच्या रात्रीपुरते, कारण वर जेवायला पर्याय कमी. सोबत लोणचं, चटणी चालेल, पण ताजी फळं, कढीपत्ता, मिरच्या बॅगेत टाकू नका, आणि मांसाचा कुठलाही पदार्थ चुकूनही नाही, डुकरांच्या साथीमुळे पोर्कच्या वस्तूंवर पहिल्याच वेळी दोन लाख तैवानी डॉलर दंड आहे. घरची इलेक्ट्रिक किटलीही नेऊ नका, तिथे 110 व्होल्ट, आपली किटली चौथाई ताकदीने चालते आणि पाणी उकळायला अर्धा सुटीचा दिवस जातो. रूममध्ये त्यांची असते. एमआरटीच्या गेटच्या आत खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा, दंड 1,500 तैवानी डॉलरपासून, आई-बाबांना हे आधीच सांगा कारण पर्समधून सुपारी-खडीसाखर निघतेच. माणशी एक ईझीकार्ड घ्या, मेट्रो, बस, लोकल सगळीकडे चालतं, आणि नाइट मार्केटसाठी रोख ठेवा.

बुकिंगच्या आधी व्हिसा. चौघांपैकी ज्यांच्याकडे अमेरिका, कॅनडा, यूके, शेंगेन, जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू किंवा गेल्या 10 वर्षांत संपलेला व्हिसा आहे त्यांना ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथरायझेशन फुकट मिळतं, 14 दिवसांसाठी. मात्र ते ज्याचं त्याचं आहे, तुमच्या व्हिसावर आई-बाबांचं होत नाही, त्यांच्याकडे यातलं काही नसेल तर नेहमीचा व्हिसा काढा, आता मुंबईतही त्यांचं कार्यालय आहे. नियम अधूनमधून बदलतात, अर्जाआधी सरकारी साइटवर बघाच. व्हिसा हातात आला की आधी अलिशानचं हॉटेल, मग तैनान, मग तैपेई, आणि हायस्पीडची तिकिटं 28 दिवस आधी उघडतात तेव्हा अर्ली बर्ड बघा, तैपेई ते चिआयी पूर्ण दर 1,080 तैवानी डॉलर आहे, सवलतीत बरंच कमी होतं.

आई-बाबांचे गुडघे आणि बस लागण्याचं काय ते कळवा, आणि तुम्ही कुठल्या वारी उतरताय तेही, म्हणजे अलिशान की तळं, आणि तैनानच्या रात्री कुठल्या, ते नक्की करून सांगते.